सरगोध्याजवळची अनाम कबर आणि २३ वर्षांनी मिळालेले महावीर चक्र

मोशी-भोसरी पट्ट्यात शिकवणाऱ्या शिक्षकाला एक सवय आपोआप लागते. लोहगावहून सुखोई उडाले की वाक्य अर्ध्यावर सोडायचे, आवाज डोक्यावरून जाऊ द्यायचा आणि मग पुढचा शब्द उचलायचा. मुले तेवढ्यात खिडकीकडे धावतात. आम्ही ओरडत नाही, कारण आमचीही मान वर गेलेली असते.

जानेवारी २०२५ मध्ये ‘स्काय फोर्स’ हा हिंदी चित्रपट आला. त्यानंतर एका सकाळी असेच विमान गेले आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, वो पिक्चरवाला पायलट असली में था क्या?”

होता. चित्रपटात नाव बदलले आहे, प्रसंगांना तिखट-मीठ लावले आहे, पण मूळ माणूस खरा. त्यांचे नाव स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या. त्या दिवशी तासात दहा मिनिटे सांगितले, ते अपुरे पडले. पालकसभेत विषय निघाला तर मोठ्यांनाही ही हकीकत नीट माहीत नव्हती. म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

देवय्या कर्नाटकातल्या कोडगूचे. जन्म २४ डिसेंबर १९३२ चा. कोडगू म्हणजे कॉफीच्या मळ्यांचा डोंगरी जिल्हा, आणि फौजेत माणसे पाठवण्यात आपल्या साताऱ्याच्या तोडीचा. फील्ड मार्शल करिअप्पा तिथले, जनरल थिमय्याही तिथलेच. देवय्या १९५४ मध्ये हवाई दलात अधिकारी झाले. १९६५ चे युद्ध पेटले तेव्हा ते नव्या वैमानिकांना शिकवणारे प्रशिक्षक होते, म्हणजे एका अर्थाने आमच्याच पेशातले. युद्धासाठी त्यांना पंजाबात, जालंधरजवळच्या आदमपूर तळावर, १ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये पाठवले. त्या स्क्वाड्रनकडे मिस्टियर ही फ्रेंच बनावटीची लढाऊ विमाने होती.

६ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी पाकिस्तानी हवाई दलाने पठाणकोट, हलवारा आणि आदमपूर या तळांवर चढाई केली. पठाणकोटला आपली विमाने जमिनीवर उभी असतानाच जळाली. त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे सरगोध्यावर हल्ला ठरला. सरगोधा हा पाकिस्तानी हवाई दलाचा सर्वांत मोठा तळ. आदमपूरपासून मिस्टियर तिथे जाऊन परत येईल एवढेच इंधन असायचे, वाटेत कोणाशी झुंज घेण्याची चैन परवडणारी नव्हती. १ नंबर स्क्वाड्रनच्या १२ विमानांनी जायचे होते. नेतृत्व विंग कमांडर ओमप्रकाश तनेजा यांच्याकडे होते.

देवय्या त्या १२ जणांत नव्हते. ते राखीव होते. कोणाचे विमान ऐनवेळी बिघडले तर त्याची जागा घ्यायची, एवढेच त्यांचे काम. आणि तसेच झाले. एक विमान गळाले, देवय्या त्याच्या जागी उडाले आणि पुढे गेलेल्या साथीदारांच्या मागोमाग निघाले.

हल्ला करून विमाने आदमपूरला परतली, तेव्हा देवय्या परतले नाहीत. त्यांना कोणी पडताना पाहिले नव्हते. पहाटेचा अंधुक उजेड, झाडांच्या शेंड्यांना लागतील अशी खाली उडणारी विमाने आणि रेडिओवर बोलायचे नाही असा हुकूम. कोणी म्हणाले जमिनीवरच्या तोफेने पाडले असेल, कोणी आणखी काही. कागदावर एकच शब्द उरला, ‘बेपत्ता’. युद्ध संपले, जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदचा करार झाला, पदके वाटली गेली. देवय्यांच्या नावे काही नव्हते. कोणी मुद्दाम डावलले असे नाही. ज्याचे शेवटचे काही क्षण कोणी पाहिलेच नाहीत, त्याच्याबद्दल काय लिहून पाठवणार?

प्रत्यक्षात पाहणारा एक माणूस होता. तो समोरच्या बाजूला होता.

१९७९ मध्ये जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाचे ‘बॅटल फॉर पाकिस्तान’ हे पुस्तक बाहेर आले. विषय १९६५ चे हवाई युद्ध, आणि माहिती बहुतेक पाकिस्तानी हवाई दलाकडून मिळालेली. पुस्तकाचा कलही त्याच बाजूचा. पण त्यात एक कबुली होती. ७ सप्टेंबरच्या सकाळी पाकिस्तानचे एक स्टारफायटर विमान एका भारतीय मिस्टियरशी झालेल्या झुंजीत पडले होते.

हे किती मोठे, ते कळायला दोन्ही विमाने शेजारी ठेवून पाहावी लागतील. स्टारफायटर अमेरिकेने पाकिस्तानला दिलेले. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारे, पोटात मिनिटाला हजारो गोळ्या झाडणारी २० मिलिमीटरची तोफ आणि पंखांना उष्णतेचा माग काढणारी साइडवाइंडर क्षेपणास्त्रे. त्या काळी उपखंडात त्याच्या नावाचा धाक होता. मिस्टियर त्याच्या आधीच्या पिढीतले. सरळ उड्डाणात आवाजाचा वेगही ते ओलांडत नसे, आणि विमानाशी भिडायला त्याच्याकडे होत्या फक्त ३० मिलिमीटरच्या दोन तोफा. मुलांना आम्ही चाकणच्या भाषेत सांगितले की महामार्गावर नव्या कोऱ्या स्पोर्ट्स गाडीने जुन्या फियाटला गाठावे आणि फियाटने तिला आडवे करावे, तसे काहीसे. मुले हसली. एक जण म्हणाला, “सर, मग स्पोर्ट्स गाडीवाल्याने स्पीड कमी केली असणार.” पोराने नेमके धरले होते.

स्टारफायटर चालवत होते फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन. परतणाऱ्या भारतीय विमानांमागे त्यांना पाठवले होते. त्यांना देवय्यांचे विमान दिसले. त्यांनी तोफ डागली, मिस्टियरला गोळ्या लागल्या. काम झाले असे समजून ते दुसरीकडे वळले. पण देवय्यांचे विमान अजून हवेत होते. अशा अवस्थेत पूर्वेकडे, घराकडे तोंड करणे ही कोणाचीही पहिली इच्छा असती. देवय्या वळून अंगावर आले. वळसे घेत लढायचे तर वेग कमी करावा लागतो, आणि वेग कमी केलेले स्टारफायटर मिस्टियरच्या हातात सापडते. देवय्यांच्या गोळ्या लागल्या. अमजद हुसेन यांनी विमान सोडले, पॅराशूटने उतरले आणि वाचले. देवय्या वाचले नाहीत. पाकिस्तानी बाजूच्या हकिकतींनुसार त्यांचा मृतदेह शेतात मिळाला आणि तिथल्या गावकऱ्यांनी त्यांना दफन केले.

या शेवटच्या तपशिलापाशी आम्ही दर वेळी थबकतो. काल-परवापर्यंत ज्यांच्या डोक्यावर बॉम्ब पडत होते, त्या गावकऱ्यांनी एका अनोळखी कोडव माणसाला मातीत ठेवले. त्यांना त्याचे नाव माहीत नव्हते, धर्मही नसेल. मय्यत समोर आली की आधी ती झाकायची, बाकीचे नंतर, एवढे त्यांना ठाऊक होते.

फ्रिकर यांच्या पुस्तकानंतर आपल्याकडे जुन्या नोंदी उघडल्या गेल्या. त्या सकाळी परत न आलेली विमाने कोणती, कोण कुठे होते, कोणाला कोणी शेवटचे पाहिले, असे एकेक नाव वगळत गेल्यावर देवय्याच उरत होते. तोवर ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झालेल्या तनेजांनी हा विषय सोडला नाही. आपल्या हाताखालच्या माणसाने केले ते नोंदीत यावे, म्हणून त्यांनी सरकारदरबारी पाठपुरावा केला. १९८८ मध्ये स्क्वाड्रन लीडर देवय्या यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. ते त्यांच्या पत्नी सुंदरी देवय्या यांनी स्वीकारले. मधे २३ वर्षे गेली होती. मडिकेरीत आज त्यांच्या नावाचा चौक आहे, पुतळाही आहे.

इतका वेळ का लागला, हे समजून घ्यायचे तर शौर्यपदक कसे मिळते ते पाहायला हवे. परमवीर, महावीर आणि वीर ही तीन चक्रे २६ जानेवारी १९५० ला सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना लागू केली गेली. त्यासाठी घरच्यांनी अर्ज करायचा नसतो. शिफारस तुकडीच्या प्रमुखाकडून निघते, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे म्हणणे तिला जोडले जाते, मग ती एकेक पायरी वर चढते आणि शेवटी राष्ट्रपतींच्या मंजुरीने जाहीर होते. म्हणजे सगळा डोलारा उभा राहतो तो पाहणाऱ्याच्या शब्दावर. त्याच युद्धात कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद १० सप्टेंबरला खेमकरणच्या रणांगणावर शहीद झाले आणि सहा दिवसांत, १६ सप्टेंबरला, त्यांचे परमवीर चक्र जाहीर झाले. त्यांची जीप आणि तिच्यावरची रणगाडाविरोधी तोफ आख्ख्या पलटणीने पाहिली होती. १९७१ मध्ये फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों श्रीनगरवर सहा सेबर विमानांशी एकटे लढले, ते खाली विमानतळावरून दिसत होते. हवाई दलातले आजवरचे एकमेव परमवीर चक्र त्यांचे. त्यांच्याशी लढलेल्या सलीम बेग मिर्झा या पाकिस्तानी वैमानिकानेही पुढे त्यांच्या हिमतीची तारीफ लिहून ठेवली.

अब्दुल हमीद यांचे नाव आले म्हणून एक गोष्ट बोलून घेतो. आमच्या मुलांना दर २६ जानेवारीला त्यांच्यावरच भाषण करायला लावतात, आणि ते अशा सुरात लिहून देतात की जणू मुलाने कुठल्या खिडकीत दाखला जमा करायचा आहे. अब्दुल हमीद यांनी कोणाचा दाखला म्हणून तोफ चालवली नव्हती. आम्ही आता मुलांना विषय स्वतः निवडायला सांगतो. या वर्षी एका मुलीने देवय्यांवर भाषण केले आणि तिला ते कोणाला पटवून द्यावे लागले नाही.

उर्दूच्या तासाला आम्ही एक गंमत दाखवतो. ‘शाहिद’ म्हणजे साक्षीदार आणि ‘शहीद’ म्हणजे प्राण देणारा. दोन्ही शब्द एकाच धातूचे. ‘शहादत’ म्हटले की गवाहीही आली आणि बलिदानही. मराठीत आपण शहीद घेतला, शाहिद मागे राहिला. देवय्यांच्या बाबतीत नेमके तेच झाले होते. शहीद इकडे होता आणि शाहिद सरहद्दीपलीकडे.

समोरच्याच्या तोंडून आलेली दाद आपल्या मातीला नवी नाही. चाकणमध्ये संग्रामदुर्ग आहे. कारखान्यांकडे जाणाऱ्या बस रोज त्याच्या आसपासून जातात, पण आत पाऊल टाकणारे थोडे. १६६० मध्ये शायिस्ताखानाच्या अफाट फौजेपुढे फिरंगोजी नरसाळा यांनी हा छोटासा भुईकोट जवळपास दोन महिने झुंजवला. सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा कुठे किल्ला पडला. परंपरेने चालत आलेली हकीकत अशी की खानाने त्यांच्या शौर्यावर खूश होऊन त्यांना मुघल चाकरी देऊ केली आणि फिरंगोजींनी ती नाकारली. चौथीच्या वर्गात हा प्रसंग सांगताना खानाला नुसता खलनायक करून संपवले, तर फिरंगोजी किती मोठे ते मुलांना निम्मेच कळते.

बांगलादेशातली हकीकत याहून गुंतागुंतीची आहे. फ्लाइट लेफ्टनंट मतीउर रहमान पाकिस्तानी हवाई दलात प्रशिक्षक होते. २० ऑगस्ट १९७१ ला कराचीत त्यांनी आपला शिकाऊ वैमानिक राशिद मिन्हास याच्या विमानाचा ताबा घेऊन ते भारताकडे वळवण्याचा प्रयत्न केला, बांगलादेशच्या लढ्यात सामील व्हायला. दोघांत झटापट झाली, विमान सरहद्दीच्या अलीकडे, थट्ट्याजवळ कोसळले, दोघेही गेले. पाकिस्तानने मिन्हासला निशान-ए-हैदर दिला, बांगलादेशने मतीउर यांना बीरश्रेष्ठ केले. एकाच विमानातली दोन माणसे, दोघेही कलमा पढणारे, आणि दोघांनाही आपापल्या देशाचा सर्वोच्च सन्मान. मतीउर यांची कबर मात्र ३५ वर्षे कराचीच्या तळावर राहिली. जून २००६ मध्ये त्यांचे अवशेष ढाक्याला आणून लष्करी इतमामात पुन्हा दफन केले गेले. यात कोण बरोबर, असा प्रश्न वर्गात येतोच. आम्ही नकाशा काढतो, १९७१ चे साल समजावतो आणि निकाल मुलांवर सोडतो.

आणि काही घरांना पदकही नाही, कबरही नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ५ डिसेंबर १९७१ ला पश्चिम पाकिस्तानवर विमान घेऊन गेले आणि परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. पकडलेल्या वैमानिकांच्या पाकिस्तानी वृत्तपत्रातल्या यादीत तांब्यांशी जुळणारे नाव छापून आले होते. त्या एका ओळीवर त्यांनी दशकानुदशके शोध चालवला. बेपत्ता जवानांच्या नातेवाइकांना २००७ मध्ये पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन पाहता आले, हाती काही लागले नाही. असे कैदी आपल्याकडे नाहीत, हीच पाकिस्तानची भूमिका राहिली आहे.

हे सगळे वाचून आपल्या घराकडे वळावे असे आम्हाला वाटते, कारण या पट्ट्यात फौजेशी नाते असलेली घरे कमी नाहीत. देहूरोडचा डेपो, खडकीचा दारूगोळा कारखाना, दापोडीचे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय, यांच्या आजूबाजूच्या वस्त्यांत कोणाचे ना कोणाचे आजोबा, पणजोबा वर्दीत होते. सातारा, कोकण, मराठवाड्यातून कामासाठी इकडे आलेल्या कुटुंबांतही असतात. कागद मात्र सापडत नाहीत. घर बदलताना पहिली रद्दीत जाते ती जुनी डिस्चार्जची वही, आणि तीच सगळ्यात मोलाची. तिच्यावर सेवा क्रमांक, पलटण आणि भरतीची तारीख असते. सेवा क्रमांक हाती असला की त्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला लिहिता येते. पुण्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कुठे लिहायचे ते सांगते. वही हरवली असेल तर पदक पाहावे. बऱ्याच जुन्या पदकांच्या कडेवर क्रमांक आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेले असते, भिंगाने दिसते.

इथे एक गैरसमजही दूर करावा लागतो. कितीतरी घरांत कुठल्याही पदकाला ‘वीरचक्र’ म्हणतात. १९६५ ची समर सेवा स्टार किंवा रक्षा मेडल ही त्या काळात सेवेत असल्याची पदके, शौर्याची नव्हेत. हे सांगताना समोरच्या माणसाचा चेहरा पडतो, हे आम्ही अनुभवले आहे. पण समर सेवा स्टार म्हणजे माणूस प्रत्यक्ष मोर्चाच्या भागात होता, हेही काही थोडे नाही. दोन महायुद्धांत कामी आलेल्यांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत नावावरून शोधता येतात. त्यांच्या देखरेखीखालची दफनभूमी आपल्या जवळच, खडकीला आहे. मुलांना नेण्यासारखी आणखी एक जागा म्हणजे पुण्यात घोरपडीचे राष्ट्रीय युद्ध स्मारक, तिथे मिग-२३ विमान जवळून पाहता येते.

देवय्यांवर भाषण करणाऱ्या त्या मुलीने नंतर घरून सुपारीचा एक जुना पितळी डबा आणला. आत पणजोबांचे पदक, फीत विरलेली. वर्गातल्या भिंगाने कड वाचायला अख्खी मधली सुट्टी गेली. पाच आकडे लागले, नाव लागले, स्पेलिंग घरच्यांपेक्षा वेगळे निघाले. तिच्या अम्मीने तो क्रमांक कागदावर लिहून डब्यात ठेवला, पाठवलेल्या पत्राची प्रतही ठेवली, दादांनी आठवून सांगितलेली दोन गावांची नावेही. डब्याचे झाकण आता नीट बसत नाही, म्हणून त्याला रबर लावले आहे.